विकाऊ घराचा शृंगार

घर बांधणें आणि लग्न करणें हीं दोन कामें स्वतः करून पाहिल्यावांचून त्यांतील यातना कळत नाहींत, असें आपल्याकडील जुनें म्हणणें आहे. त्या म्हणीच्या काळीं घर विकणें हें तिसरें काम फारसें कोणाच्या वांट्यास येत नसे. ज्याच्या वांट्यास येई तो तें खालमानेनें उरकून टाकी. आज स्थिति पालटली आहे. मुंबई-पुण्यांतील मध्यमवर्गीय कुटुंब एका पिढींत दोनतीन घरें बदलतें. दोन खोल्यांची जागा विकून तीन खोल्यांची घेतें, आणि मुलें परदेशीं गेलीं म्हणजे तीहि विकून पुन्हां लहान जागेंत जातें. यांत गैर कांहींच नाहीं. परंतु या नित्याच्या झालेल्या व्यवहाराबरोबर एक नवें शास्त्रहि उदयास आलें आहे, आणि त्याविरुद्ध स्पष्ट शब्दांत लिहिण्याची वेळ आली आहे असें आम्हांस वाटतें. विकण्यापूर्वीं घरांत कोणत्या सुधारणा कराव्या, याचें हें शास्त्र होय.

या शास्त्राचें पहिलें सूत्र असें कीं, जें पाहणाऱ्याच्या दृष्टीस पडतें तेवढेंच सुधारावें. जें दृष्टीआड आहे तें तसेंच राहूं द्यावें. घर विकावयाचें ठरलें कीं दलाल येतो, आणि सर्व खोल्यांतून एक फेरी मारून आपली यादी सांगतो. भिंती खरवडून लांबी भरा आणि वर चकाकणारा प्लास्टिक रंग द्या. बैठकीच्या खोलीस पीओपीचें खोटें छत करून त्यांत दिवे बसवा. जुनी मोझेकची फरशी दिसतां कामा नये, तिच्यावर मोठ्या गुळगुळीत फरश्या घाला. ओट्याखालीं मॉड्युलर कपाटें करा. न्हाणीघरास छतापर्यंत रंगीत टाइल्स लावा. यादी मोठी असते, आणि तिच्यांत जें नसतें तें अधिक बोलकें असतें. गच्चीला गेलेली चीर तींत नसते. भिंतींतून नेलेला व आंतून गंजत आलेला पाण्याचा नळ तींत नसतो. चाळीस वर्षांपूर्वींच्या विजेच्या तारा तींत नसतात. आपल्या मोरीचें पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या छतांत उतरतें, ही चार वर्षांची तक्रार तर तींत मुळींच नसते. याविषयीं कोणीं विचारलेंच तर उत्तर ठरलेलें आहे: ‘त्यावर पैसा घालून काय मिळणार? तें कोण पाहतो?’ आमचा सारा वाद या शेवटच्या प्रश्नाशीं आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. विकावयाच्या घरावर खर्च करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु प्रत्येक खर्चापूर्वीं गृहस्थानें आपल्या मनास एक प्रश्न विचारावा: पुढचा पावसाळा आपणांसच या घरांत काढावयाचा असता, तर हा खर्च आपण केला असता काय? ‘होय’ असें उत्तर येईल तो खर्च विक्रीपूर्वींहि अवश्य करावा. ‘नाहीं’ असें येईल तो खर्च वांचवावा, कारण तो बहुधा फुकट जाणारा असतो. आणि एखादा दोष दिसूं नये एवढाच ज्या खर्चाचा हेतु असेल, त्यास सुधारणा हें नांव देऊं नये. तो रंगाऱ्याच्या हातून करविलेला खोटेपणा आहे.

पावसाळ्याची कसोटी आम्हीं उगीच घेतलेली नाहीं. आपल्या प्रांतांत घराची खरी परीक्षा मृगापासून हस्तापर्यंतच होते. उरलेले आठ महिने कोणतेंहि घर शहाणें दिसतें. विक्रीचा हंगाम नेमका या आठ महिन्यांत साधला जातो. दिवाळीला रंग, हिवाळ्यांत गिऱ्हाईक आणि पाडव्याला किंवा अक्षय्यतृतीयेला विसार, असा क्रमच पडून गेला आहे. ओल ही रंगाची व्याधि नव्हे. पाण्याला वाट मिळाली आहे याची ती खूण आहे. गच्चीचा उतार चुकला असेल, बाहेरच्या गिलाव्यास केसासारख्या चिरा असतील, न्हाणीघराच्या फरशीखालील जलरोधक थर फाटला असेल, तर पाणी विटेच्या आणि काँक्रीटच्या सूक्ष्म रंध्रांतून आंत येतें. येतांना तें क्षार विरघळवून आणतें. पाणी सुकलें म्हणजे क्षार मागें राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि ते गिलाव्यास आंतून ढकलूं लागतात. यालाच आपण भिंतीस लोणा लागला असें म्हणतों. खोलीच्या बाजूनें लांबीचा व रंगाचा कितीहि जाड थर दिला तरी पाण्याची वाट बंद होत नाहीं. उलट भिंतीस सुकण्याची जी थोडी मोकळीक होती तीहि जाते. मग आषाढांत रंगाला फुगे येतात, श्रावणांत पोपडे सुटतात, आणि भाद्रपदांत गणपतीच्या मखरामागची भिंत काळी-हिरवी झालेली नव्या मालकास दिसते. तोंवर विकणारा आपली रक्कम घेऊन निघून गेलेला असतो, आणि घेणाऱ्याच्या कर्जाचे हप्ते मात्र पुढें वीस वर्षें चालावयाचे असतात.

भिंतीच्या ओलीनें घराची कळा जाते. छताच्या ओलीनें जिवाशीं गांठ पडते. नवें काँक्रीट अल्कधर्मी असतें व त्यामुळें त्यांतील लोखंडी सळ्यांवर एक पातळ संरक्षक कवच टिकून राहतें. वर्षानुवर्षें हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु आंत शिरून हा गुण कमी करीत नेतो, आणि त्यांत पाण्याची भर पडली कीं सळी गंजूं लागते. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, व ती मिळविण्यासाठीं भोंवतालचें काँक्रीट फोडतो. प्रथम सळीच्या रेषेंत चीर दिसते, नंतर तांबूस डाग, आणि शेवटीं ढलपा निखळून पडतो. हीं सारीं लक्षणें छत उघडें असेल तरच दिसतात. त्याच्याखालीं वीतभर अंतरावर शुभ्र खोटें छत टांगणें म्हणजे रोग्याच्या जखमेवर शाल पांघरून त्यास बोहल्यावर उभें करणें होय. महाराष्ट्रांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षें वयाच्या इमारतीची ५ वर्षांतून एकदां आणि ३० वर्षांवरील इमारतीची ३ वर्षांतून एकदां संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. परंतु तपासणीस आलेल्या अभियंत्यास त्या दिव्यांच्या छताआड काय दिसणार?

जुन्या फरशीवर नवी फरशी चढविण्याची चाल याहून कमी घातक नाहीं. खालचा मसाला व फरशी मिळून पांच सेंटिमीटरांचा थर धरला, तर दर चौरस मीटरामागें सुमारें १०० किलो वजन वाढतें. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोली सुमारें ११ चौरस मीटर भरते. म्हणजे एका खोलींत टनाहून अधिक ओझें कायमचें येऊन बसलें. राहत्या खोलींत माणसें, सामानसुमान इत्यादिकांचा भार दर चौरस मीटरास सुमारें २०० किलो धरावा असें भारतीय मानक सांगतें. त्याच्या निम्म्याइतका जादा भार, इमारतीचें वय न विचारतां, केवळ चकाकीसाठीं टाकणारास सुधारक म्हणावें काय? खोली मोठी दिसावी म्हणून मधली भिंत काढून टाकण्याचा सल्लाहि असाच सढळपणें दिला जातो. २०१७ सालच्या जुलै महिन्यांत घाटकोपर येथील साईसिद्धी ही इमारत कोसळून १७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलाच्या कामांत इमारतीच्या आधारांस धक्का लागला, असा आरोप त्या प्रकरणीं ठेवण्यांत आला. तें काम विक्रीसाठीं चाललेलें नव्हतें, हें खरें. तथापि भिंत आणि खांब हे आपल्या एकट्याच्या मालकीचे नसतात, वरच्या सर्व बिऱ्हाडांचा जीव त्यांवर तोललेला असतो, एवढा बोध त्यांतून प्रत्येकानें घ्यावा.

यावर व्यवहारी माणसाचें पहिलें उत्तर असें असतें कीं, घेणाऱ्यानें डोळे उघडे ठेवावे. विकणाऱ्यानें आपल्याच वस्तूची निंदा काय म्हणून करावी? हें उत्तर नीतीस धरून नाहींच, परंतु कायद्यासहि धरून नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचें ५५ वें कलम असें सांगतें कीं, उलट करार नसेल तर, विकणाऱ्यास ठाऊक असलेला परंतु घेणाऱ्यास ठाऊक नसलेला, आणि सामान्य दक्षतेनें त्यास शोधून काढतां न येणारा असा मालमत्तेंतील महत्त्वाचा दोष उघड करणें हें विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. आणि तो उघड न करणें हें कपट होय, असेंहि तेंच कलम पुढें म्हणतें. त्याच्या दहा वर्षें आधींच्या, १८७२ च्या करार अधिनियमानें ठाऊक असलेली गोष्ट बुद्ध्या झांकण्याची गणना कपटांत केलेली आहे. नुसतें गप्प बसणें आणि मुद्दाम झांकणें यांत कायदा भेद करतो. ओल्या भिंतीवर फिरलेला लांबीचा हात हा या दोहोंपैकीं कोणत्या वर्गांत पडतो, हें सांगावयास वकिलाची जरूर नाहीं.

कोणी म्हणेल कीं हें सारें इंग्रजी अमदानींतलें सोंवळें झालें. आपल्या देशींच्या व्यवहाराची रीत निराळी. त्यांनीं कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें तिसरें अधिकरण उघडून पाहावें. वास्तूचा विक्रय करतांना प्रथम नातलग, नंतर शेजारी व नंतर धनको यांस अनुक्रमें घेण्याचा अधिकार. आणि विक्रीची घोषणा व्हावयाची ती घरासमोर, शेजारच्या चाळीस कुळांच्या समक्ष आणि सीमा यथातथ्य सांगून. या व्यवस्थेचा मुख्य हेतु हक्कांच्या रक्षणाचा असेल. परंतु ज्या शेजाऱ्यांनीं ती भिंत वीस पावसाळे पाहिलेली आहे, त्यांच्या देखत तिला कोरडी म्हणण्याची छाती कोणाची होणार? आज व्यवहार बंद दाराआड होतो, आणि गिऱ्हाईकाची व शेजाऱ्यांची गांठ पडूं नये यासाठीं दलाल जपतो. खालच्या बिऱ्हाडाशीं चाललेलें गळतीचें भांडण या रीतीनें न सांगतां खरेदीखताबरोबर नव्या मालकाच्या गळ्यांत पडतें. आणि तो बिचारा राहावयास आल्याच्या पहिल्याच आठवड्यांत, ज्याचें नांवहि त्यास ठाऊक नाहीं अशा गृहस्थाच्या रागास पात्र होतो.

दुसरें उत्तर पैशाचें आहे. शृंगारानें भाव येतो, असें सांगतात. शहरांतील जुन्या जागेची किंमत मुख्यतः ठिकाण, क्षेत्रफळ, इमारतीचें वय, कागदपत्रांची शुद्धता आणि पुनर्विकासाची आशा यांवर ठरते. शेजारच्या तशाच जागेस जो भाव आला, त्याच्या आसपासच आपलाहि राहतो. ज्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभा सुरू झाल्या आहेत, तिच्यांतील जागा घेणारा तर उद्यांच्या नव्या खोल्यांसाठीं पैसे देत असतो. तेथें मॉड्युलर कपाटांवर लाखांनीं खर्च करणें म्हणजे पाडावयाच्या भिंतीवर नक्षी काढणें आहे. शिवाय एकाची हौस दुसऱ्यास रुचत नाहीं. विकणाऱ्यानें मोठ्या उमेदीनें लावलेल्या जांभळ्या टाइल्स नवी गृहिणी सहा महिन्यांत उखडते, आणि दोन्ही कुटुंबांचा पैसा गोण्यांत भरून रस्त्याच्या कडेस जाऊन पडतो. स्वच्छ घर लवकर विकलें जातें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु स्वच्छतेस झाडू, साबण आणि साधी सफेती पुरते.

दोष सांगितला तर भाव उतरतो, हाच या मंडळींचा खरा आक्षेप आहे, आणि त्यास आम्ही बगल देणार नाहीं. भाव उतरतो, आणि तो उतरावाच. गच्चीच्या दुरुस्तीस दोन लाख लागणार असतील, तर ते दोन लाख त्या घराच्या किंमतींतून वजा आहेतच, मग ते कोणी मोजोत अथवा न मोजोत. दोष लपवून ती रक्कम पदरांत पाडून घेणारानें चतुराई केली असें आपण म्हणतों. वास्तविक त्यानें परक्या माणसाच्या भविष्यनिर्वाह निधींतून ती न विचारतां उचललेली असते. घर घेणारें कुटुंब बहुधा आपली आयुष्याची पुंजी आणि पुढील वीस वर्षांचा पगार एका सहीनें बांधून देतें. त्यांतून आणखी दोन लाख काढण्यास त्यास उसंत नसते. म्हणून मग ओलीशेजारीं पाळणा बांधला जातो, आणि दम्याच्या आजोबांची खाट त्याच भिंतीस लागते.

‘काय करावें, घेणाऱ्यांनाच झगमगाट हवा असतो,’ हें तिसरें उत्तर अर्धें खरें आहे. तरुण जोडपीं जागा पाहावयास येतात तेव्हां छतांतले दिवे मोजतात, पण गच्चीची किल्ली मागत नाहींत. त्यांनीं शक्य तर जागा भर पावसांत पाहावी. खालच्या बिऱ्हाडाचें दार ठोठावून त्यांचें न्हाणीघराचें छत पाहावें. संस्थेकडे शेवटच्या तपासणीचा अहवाल मागावा. आणि नुकताच रंग दिलेली एकटीदुकटी भिंत दिसली तर ती कां रंगविली हें विचारावें. तथापि घेणारा भोळा आहे, ही गोष्ट विकणाऱ्यास फसविण्याचा परवाना देत नाहीं.

हा विचार केवळ शहरांतील सदनिकांपुरता नाहीं. कोंकणांतील व देशावरील वडिलोपार्जित घरें आज अशीच विकावयास निघत आहेत. मालक पुण्यास किंवा अमेरिकेंत, आणि सुधारणा टेलिफोनवरून ठरतात. जांभ्याच्या किंवा विटामातीच्या जुन्या भिंतीस चुन्याचा गिलावा असे. चुना सच्छिद्र असल्यामुळें आंत शिरलेली ओल बाहेर पडावयास वाव राही. घर ‘पक्कें’ दिसावें म्हणून त्यावर सिमेंटचा गिलावा व प्लास्टिक रंग चढविला कीं ओल कोंडते, भिंतींत रुतलेलीं तुळयांचीं टोकें कुजूं लागतात, आणि वाळवीस आमंत्रण जातें. तीन पिढ्यांनीं दरवर्षीं कौलें चाळून जें घर राखलें, तें विकण्याच्या खटपटींत चार वर्षांत खिळखिळें होतें. फुटकीं कौलें बदलणें, पन्हळी साफ करणें, छपरावर आलेल्या फांद्या तोडणें आणि वाळवीचा बंदोबस्त करणें एवढेंच तेथें पुरे असतें; पण त्याचें छायाचित्र चांगलें येत नाहीं.

मग विकणाऱ्यानें करावें तरी काय? क्रम अवघड नाहीं. प्रथम पाणी: गच्ची, बाहेरच्या चिरा, न्हाणीघराचे सांधे, गंजके नळ. संस्थेच्या अखत्यारींतील काम संस्थेकडून लेखी मागून करवून घ्यावें, आणि आपल्या मोरीची गळती आपल्या खर्चानें थांबवावी. दुसरी वीज: कुजलेल्या तारा बदलाव्या, अर्थिंग तपासावें, आणि गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या आंतच वीज तोडणारें जें छोटें यंत्र मिळतें तें मुख्य फळीवर बसवावें, खोट्या छताच्या खर्चाच्या मानानें हा खर्च क्षुल्लक आहे, आणि तो कोणाच्या तरी मुलाचा जीव वांचवूं शकतो. तिसरे कागद: संस्थेचा भागदाखला, कराच्या पावत्या, पूर्वींचीं खरेदीखतें, झालेल्या दुरुस्त्यांचीं बिलें एका फाइलींत लावून ठेवावीं. चौथी स्वच्छता: न लागणारीं दारें, गळके नळ, फुटलेलीं तावदानें नीट करावीं व सफेती द्यावी. याउपर जो दोष उरेल व ज्याच्या दुरुस्तीची ऐपत नसेल, तो एका कागदावर लिहून घेणाऱ्याच्या हातीं द्यावा आणि त्याप्रमाणें किंमत ठरवावी. असा कागद पाहून कांहीं गिऱ्हाइकें परत जातील. जें थांबेल तें मागाहून कोर्टाची पायरी चढणार नाहीं.

शेवटीं एक गोष्ट सुशिक्षित कुटुंबांनीं विशेष लक्षांत घ्यावी. मोठ्या व्यापारांत विकणारा वर्ग एक व घेणारा दुसरा असतो. आपल्या घरांच्या बाजारांत तसें नाहीं. आज पार्ल्याची जागा विकणारा गृहस्थ उद्यां तेच पैसे घेऊन ठाण्यास किंवा कोथरुडास जागा पाहावयास निघतो, आणि तेथेंहि त्याच्यासारखाच एक प्राध्यापक, बँकेंतील अधिकारी किंवा निवृत्त शिक्षक नुकत्याच वाळलेल्या रंगाच्या वासांत हंसतमुखानें त्याचें स्वागत करतो. आपण लपविलेली ओल दुसऱ्याच्या माथीं मारून निघालेला माणूस तिसऱ्याची लपविलेली ओल विकत घेतो, आणि दोन्ही वेळां दलालास दलाली व रंगाऱ्यास मजुरी देतो. यांत शहाणा कोण ठरला, हें ज्याचें त्यानें पुढच्या आषाढांत आपल्या नव्या भिंतीकडे पाहून ठरवावें.